मनातले कारभारी, मनातले हद्दपार

डब्लिनहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता लिफी नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने ल्यूकनला पोहोचतो. या भागात सेंट एडमंड्सबरी नावाची अठराव्या शतकातली एक जुनी मालमत्ता आहे. एके काळी ती आयरिश संसदेचे सभापती एडमंड सेक्स्टन पेरी यांची होती. 1898 मध्ये डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स मनोरुग्णालयानं ती विकत घेतली आणि मनाच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांची तिथं सोय केली.

सेंट पॅट्रिक्सची मुळं थेट ‘गलिव्हर’पर्यंत जातात. बुटक्यांच्या देशात अडकलेल्या गलिव्हरची गोष्ट मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली आहेत. ती लिहिणारा जोनाथन स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन होता. लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या कारभाराशीही त्याचा संबंध होता, त्यामुळे ‘वेडं’ ठरवलेल्या माणसांचे हाल त्याला ठाऊक होते. स्वतः त्याला आयुष्यभर चक्कर आणि बहिरेपणाचा त्रास होता; तो मेनिएरचा आजार असावा, असं आज मानलं जातं. आपली बहुतेक सगळी संपत्ती त्यानं मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवली. 1745 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी राजाची सनद मिळाली आणि 1757 मध्ये रुग्णालयाचं दार उघडलं.

स्विफ्टनं आयुष्यभर अनेक मुखवट्यांआडून लिहिलं. कधी तो ज्योतिषी बिकरस्टाफ झाला, कधी डब्लिनचा कापडविक्या ड्रेपियर, कधी गलिव्हर. एकाच माणसात इतकी माणसं नांदू शकतात, हे साहित्याला फार पूर्वी कळलं होतं. वैद्यकाला ते कळायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडच्या मनोरुग्णालयांत वीस हजारांहून अधिक माणसं होती. लोकसंख्येच्या मानानं हे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक होतं. माणूस एक तर शहाणा नाही तर वेडा, आणि वेडा असेल तर भिंतीआड, असा तो हिशेब होता. आत नेमकं कोण रडतंय, कोण ओरडतंय, कोण गप्प बसलंय, हे विचारायला फारसं कुणी नव्हतं.

आज त्याच सेंट पॅट्रिक्समध्ये करुणाकेंद्रित उपचारांचे गट चालतात. ही पद्धत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी विकसित केली. ज्यांना स्वतःची लाज वाटते, जे स्वतःला सतत टोचत राहतात, अशा माणसांचा त्यांनी प्रामुख्यानं विचार केला. या पद्धतीतला एक सराव जवळून पाहण्यासारखा आहे.

समजा, ल्यूकनजवळच्या अ‍ॅडम्सटाउनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचं भांडण झालंय. डिसेंबरात सुटी टाकून गावी जायचं, की ते पैसे घराच्या डिपॉझिटसाठी राखायचे? (उदाहरण काल्पनिक आहे, पण विषय ल्यूकनमध्ये कुणालाच नवा वाटणार नाही.) नवरा चिकित्सकासमोर बसलाय. चिकित्सक भांडणाचा निवाडा करत नाही. ती आधी त्याच्यातल्या रागाला बोलायला सांगते: रागाच्या मते काय झालं? राग शरीरात कुठं बसलाय? सगळी सत्ता त्याच्या हाती दिली तर तो काय करेल? नवरा सांगतो, जबडा आवळलाय, हात गरम झालेत, दार आपटून बाहेर पडावंसं वाटतंय. मग दुसऱ्या खुर्चीत बसून काळजीची पाळी. काळजी छातीत आहे. तिला आईबाबांची वयं दिसतात, बँकेतला आकडा दिसतो, आणि ‘तू नेहमी उशीर करतोस’ असं ती म्हणते. मग तिसरी पाळी दुःखाची. इथं नवरा बराच वेळ गप्प राहतो, कारण त्याला दुःखाची भाषा येत नाही. राग आधीच मध्ये बोलून मोकळा होतो. शेवटी चिकित्सक विचारते, राग या दुःखाकडे कसा पाहतो? काळजीला रागाची भीती वाटते का? एका साध्या भांडणात तीन वेगळे जण आपापली बाजू लढवत होते आणि बायकोला त्यांतला फक्त एकच ऐकू गेला होता, हे तासाभरात उघड होतं. त्यानंतर चौथी खुर्ची येते, समजूतदार आणि कणखर करुणेची. ती तिघांचंही ऐकून घेते.

मनाचे असे वेगवेगळे अंश मानून काम करणाऱ्या पद्धती अनेक आहेत. इटलीच्या रोबेर्तो असाजोली यांनी उपव्यक्तिमत्त्वांची कल्पना मांडली, फ्रिट्झ पर्ल्स यांनी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावलं, एरिक बर्न यांनी प्रत्येकाच्या आतला पालक, प्रौढ आणि बालक दाखवला. या सगळ्यांत आज सर्वाधिक चर्चा मात्र ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ म्हणजे आयएफएसची आहे. अमेरिकेतले कुटुंबचिकित्सक रिचर्ड श्वार्ट्झ यांनी 1980 च्या दशकात तिची मांडणी केली आणि 1995 मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं.

श्वार्ट्झ तेव्हा शिकागोत खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या तरुण रुग्णांवर काम करत होते. भरमसाट खायचं आणि मग ओकून टाकायचं, हे चक्र काही केल्या थांबत नव्हतं. त्यांची समजूत अशी की घरातलं वातावरण सुधारलं की मुलगी सुधारेल. घर सुधारलं, तरी मुली सुधारल्या नाहीत. मग त्यांनी मुलींनाच विचारलं. त्या सांगू लागल्या: माझ्यातला एक भाग सतत माझ्यावर टीका करतो, त्यानं मला इतकं कमी लेखलं की दुसरा भाग उसळून येतो आणि खायला लावतो, मग पहिला पुन्हा तुटून पडतो. घरातल्या माणसांच्या कुरघोड्यांचा अभ्यास केलेल्या श्वार्ट्झ यांना हा नकाशा ओळखीचा वाटला. हे तर कुटुंबच होतं, फक्त आतलं.

सुरुवातीला त्यांनी या ‘वाईट’ भागांना दाबायचा प्रयत्न केला. एक प्रसंग त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे. स्वतःला इजा करणाऱ्या एका रुग्णाच्या त्या भागाशी त्यांनी हुज्जत घातली आणि ‘आता पुन्हा करणार नाही’ असं वचन मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. तेव्हा त्यांनी लढाई सोडली आणि त्या भागाला नुसतं कुतूहलानं विचारलं, तू हे का करतोस? उत्तर मिळालं. लहानपणीच्या अत्याचारांच्या काळात त्या भागानंच तिला वाचवलं होतं. तिला शरीराबाहेर नेणं आणि आणखी अत्याचार ओढवेल असा तिचा राग आवरणं, हे काम त्यानं केलं होतं. तो भाग शत्रू नव्हता. युद्ध संपल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आयएफएसचा सगळा डोलारा या एका उलटापालटीवर उभा आहे. श्वार्ट्झ यांनी या भागांची तीन कामं ओळखली. पहिले मॅनेजर, म्हणजे आपले कारभारी: वेळेत उठवणारे, यादी करणारे, लोक काय म्हणतील ते आधीच मोजणारे, चूक होण्याआधीच फटकारणारे. दुसरे हद्दपार केलेले भाग. ते बहुधा लहान वयातले असतात. लाज, भीती, एकटेपणा यांचं ओझं घेऊन ते मनाच्या तळघरात कोंडलेले असतात. त्यांचा आवाज वर येऊ नये म्हणून तर कारभाऱ्यांची एवढी धावपळ. तिसरे आगीच्या बंबावरचे जवान. हद्दपार भाग कधी कडी काढून वर आलाच तर ते धावत येतात आणि दारू, खाणं, खरेदी, रात्रभर मोबाइल, जे हाती लागेल त्यानं आग विझवतात. विझवताना घर किती भिजतं, याची त्यांना फिकीर नसते. या सर्वांपलीकडे एक ‘स्व’ असतो, असं श्वार्ट्झ म्हणतात: शांत, कुतूहल असलेला, धीराचा. उपचाराचा हेतू कुणालाही घराबाहेर काढणं हा नसतो. या ‘स्व’नं घराचा ताबा घ्यावा आणि थकलेल्या भागांना त्यांच्या जुन्या नोकरीतून मोकळं करावं, एवढंच अपेक्षित असतं.

प्रत्यक्ष सत्रात हे कसं घडतं? आणखी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीहून येऊन ल्यूकनमध्ये राहणारी तिशीतली अभियंता. डब्लिनमध्ये डिसेंबरात साडेआठच्या आसपास सूर्य उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. ती अंधारात निघते आणि अंधारातच घरी येते. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की तिच्यातली कारभारीण केस नीट करते, दिवा लावते आणि हसते. “सगळं छान चाललंय गं आई.” कॉल संपला की बंबवाले हजर, रात्री दोनपर्यंत मालिका. सोमवारी कारभारीण दुप्पट कडक होते.

चिकित्सक तिला मालिका बंद करायला सांगत नाही. तो विचारतो, त्या हसणाऱ्या भागाबद्दल आत्ता तुला काय वाटतं? “चीड येते, खोटारडी आहे ती.” म्हणजे बोलतोय दुसराच एक भाग. चिकित्सक त्या चिडलेल्या भागाला जरा बाजूला बसायची विनंती करतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. कुतूहल जागं होईपर्यंत हेच चालतं. मग खरा प्रश्न येतो: ती हसायची थांबली तर काय होईल, अशी तिला भीती आहे? उत्तर यायला वेळ लागतो. “आई रडेल. आणि मग मला परत नववीतल्यासारखं वाटेल.” नववीत काय झालं होतं, ते पुढच्या सत्रांत येईल, घाई केली तर कारभारीण दार लावून घेईल. तळघरात उतरायचं असेल तर पहारेकऱ्याची परवानगी घ्यायची, हा या पद्धतीतला फार मोलाचा नियम आहे.

मराठी वाचकांना मनाशी बोलणं नवं नाही. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ या 205 श्लोकांत मनालाच समोर बसवून त्याच्याशी संवाद केला आहे. अलीकडच्या काळात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजली. डॉ. आनंद नाडकर्णी यांचं लेखन, 1990 पासून ठाण्यात चालणारी त्यांची आयपीएच ही संस्था, डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी यांमुळे अविवेकी विचार कसा ओळखावा आणि त्याचा प्रतिवाद कसा करावा, हे अनेक घरांत पोहोचलं. समर्थ मनाला उपदेश करतात, एलिस मनाशी वाद घालतात. श्वार्ट्झ आधी त्याची कैफियत ऐकून घेतात. तिन्हींचा उपयोग वेगवेगळ्या वेळी होतो. पण ज्या माणसाला आयुष्यभर उपदेशच मिळाला आहे, त्याच्या आतला टीकाकार वादात हरत नाही, उलट जास्त चलाख होतो. अशा माणसासाठी ऐकून घेणारी पद्धत हवीच.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मनाचे भाग मानणं म्हणजे सिनेमात दाखवतात तसं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे. तो वेगळा, गंभीर आणि विरळा विकार आहे, आणि त्यात स्मृतीचे तुकडे पडतात. इथं बोलणं चाललंय ते रोजच्या अनुभवाचं: ‘एक मन म्हणतं जावं, एक मन म्हणतं नको.’

ल्यूकनपासून जवळच, लिफीपलीकडच्या भागाचं तेव्हा आयर्लंडच्या संसदेत प्रतिनिधित्व करणाऱ्या एका डॉक्टरनं, एकाच माणसात अनेक भाग असतात, हे फार साध्या शब्दांत मांडलं होतं. लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ घर मालवण तालुक्यातलं वराड. 18 जानेवारी 2015 रोजी, आपल्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असलेल्या वराडकरांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. त्याच वेळी ते म्हणाले की आपण ‘अर्धे भारतीय राजकारणी’ नाही, ‘डॉक्टर राजकारणी’ नाही की ‘समलिंगी राजकारणी’ नाही. हा आपला एक भाग आहे, पण त्यावरून आपली सगळी ओळख ठरत नाही. ते मानसोपचाराविषयी बोलत नव्हते. पण एखादा भाग लपवायचाही नाही आणि त्याला सगळं घर बळकावूही द्यायचं नाही, ही तोल सांभाळण्याची गोष्ट त्यांनी देशासमोर केली. अडीच वर्षांत ते पंतप्रधान झाले.

2022 च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये 45,449 भारतीय नागरिक नोंदले गेले. त्यांतली अनेक मराठी माणसं दिवसभर इंग्रजीत काम करतात आणि उपचारासाठी गेली तरी इंग्रजीतच बोलतात. इथं एक अडचण आहे. तळघरातलं मूल नऊ वर्षांचं असेल, तर त्याला इंग्रजी बहुधा येत नाही. त्याला जे बोलणं बसलं ते मराठीत बसलं. भाषा आणि भावना यांच्या या नात्यावर प्रयोग झालेले आहेत. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तुर्की आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. लहानपणी रागावताना वापरली जाणारी वाक्यं मातृभाषेत ऐकली की शरीर जास्त दचकतं, आणि तीच वाक्यं नंतर शिकलेल्या भाषेत ऐकली की कमी, असं त्यात दिसलं. दूरची भाषा कधी ढालीसारखी उपयोगी पडते, कारण जे मराठीत उच्चारवत नाही ते इंग्रजीत सांगून टाकता येतं. पण फक्त इंग्रजीतच बोललं, तर कारभारीच बोलत राहण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये बेव्हर्ली कोस्टा यांनी 2000 मध्ये ‘मदरटंग’ ही बहुभाषिक समुपदेशन सेवा सुरू केली होती. त्यांनी आणि भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-मार्क डेवाले यांनी उपचार घेतलेल्या बहुभाषिक माणसांचे अनुभव गोळा केले. सत्रात भाषा बदलण्याची मुभा किती महत्त्वाची असते, हे त्या कामातून पुढे आलं.

आता पुराव्याकडे वळू, कारण उत्साह आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयएफएसचं नाव जितकं मोठं झालं आहे, तितकं तिच्यावरचं संशोधन मोठं झालेलं नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संधिवाताच्या 79 रुग्णांचे दोन गट केले. आयएफएस मिळालेल्या गटाला नऊ महिन्यांत वेदना आणि नैराश्य यांत आराम पडला आणि यातला काही फरक वर्षानंतरही टिकला. सांध्यांच्या प्रत्यक्ष आजारातला फरक मात्र टिकला नाही. बालपणीच्या आघातांनी पछाडलेल्या 17 प्रौढांवरच्या आणखी एका अभ्यासाचे निकाल आशादायक होते, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. एवढ्यावरून ठाम दावे करता येत नाहीत. जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी याच घराण्यातली. तीही असुरक्षित बालक, शिक्षा करणारा पालक आणि निरोगी प्रौढ अशा अवस्थांशी काम करते. तिची बाजू अधिक भक्कम आहे. 2006 मध्ये नेदरलँड्समध्ये सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार असलेल्या 86 रुग्णांवर तीन वर्षं, आठवड्याला दोन सत्रं, असा मोठा अभ्यास झाला. त्यात ती दुसऱ्या एका प्रस्थापित उपचारापेक्षा सरस ठरली आणि उपचार मध्येच सोडणारेही कमी निघाले.

धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. ज्याला भास होतात, ज्याचा वास्तवाशी संबंध सुटतो आहे, त्याला ‘आतल्या आवाजांशी बोल’ असं सांगणं घातक ठरू शकतं. अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञच हवा. दुसरा धोका स्मृतीचा. हद्दपार भागाच्या तोंडी चिकित्सकानंच शब्द घातले, तर न घडलेल्या घटनाही आठवल्यासारख्या वाटू लागतात. चांगला चिकित्सक फक्त विचारतो; काय घडलं असेल ते सुचवत नाही. आणि श्वार्ट्झ यांच्या ‘स्व’ला लगेच आत्म्याचं नाव देण्याची घाई आपण करू नये. ती श्रद्धेची बाब आहे आणि अजून ती कुठल्याही यंत्रानं मोजलेली नाही.

ल्यूकनमध्ये ही वाट धरायची असेल तर सुरुवात आपल्या जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून, होते. मेडिकल कार्ड असलेल्यांना सरकारी आरोग्यसेवेतून आठपर्यंत समुपदेशन सत्रं मिळू शकतात. रोजची घुसमट हलकी करायला ती पुरतात, तळघरापर्यंत जायला बहुधा पुरत नाहीत. बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय समुपदेशन सेवा 2000 पासून आहे. खासगी चिकित्सक निवडताना त्याची नोंदणी पाहावी. आयर्लंडमध्ये समुपदेशक आणि मानसोपचारकांच्या कायदेशीर नोंदणीसाठीचं मंडळ 2019 मध्ये स्थापन झालं. त्याआधीपासून, 1981 पासून, आयएसीपी ही व्यावसायिक संघटना आपल्या सदस्यांची यादी ठेवते आहे. घरबसल्या वीकेंडचा कोर्स करून ‘पार्ट्स कोच’ झालेल्यांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर भरपूर दिसतात. त्यांच्या हाती जुनी जखम देऊ नये. जीव नकोसा झाला असेल तर आयर्लंडमध्ये समॅरिटन्सचा 116 123 आणि भारतात टेलिमानसचा 14416 हे क्रमांक मोफत आणि अहोरात्र चालू असतात.

पहिल्या भेटीत संकोच न करता तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: या पद्धतीचं प्रशिक्षण कुठं आणि किती घेतलं, सत्रानंतर घरी त्रास वाढला तर काय करायचं, आणि मध्येच मराठीत बोललेलं चालेल का. तिसऱ्या प्रश्नावर अनेक आयरिश चिकित्सक थबकतील. पण ‘बोला, मग काय वाटलं ते मला इंग्रजीत सांगा’ असं म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्याबरोबर काम पुढे सरकतं.